कपाळ त्या अंगाला

आमच्या कोरेगाव तालुक्यात नारळाचं झाड औषधालाही सापडायचं नाही, पण माझ्या शाळेतल्या पोरांच्या चित्रकलेच्या वह्यांत मात्र माडांची बनं असत. दोन डोंगर, डोंगरांच्या फटीत सूर्य, खाली नदी, नदीत होडी आणि काठावर कलंडलेला माड. होडी तरी कुणी बघितली होती? आमच्या ओढ्याला पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर म्हशीचं खूर बुडेल एवढंच पाणी. पण चित्र म्हणजे हेच, असं पोरांना वाटायचं, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. फळ्यावर तो माड मीच काढत होतो.

सत्तर साल उजाडायच्या सुमारास मी कोरेगावच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. गाव तिथून चार मैलांवर, सायकलनं जाऊन-येऊन करायचो. घरी आई, बायको आणि मी. शाळेत ड्रॉइंगच्या मास्तराला काय किंमत असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गॅदरिंग आलं की पडदे रंगवा, साहेब आले की फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहा आणि गणिताचे मास्तर आजारी पडले की त्यांचा वर्ग गप्प बसवा. पंचक्रोशीत मात्र माझी वेगळी ओळख होती. मी मेलेल्या माणसांची चित्रं काढत असे.

त्या काळी खेड्यात माणसाचा फोटो निघायचा तो जन्मात एकदा, फार तर दोनदा. लग्नात, नाहीतर पलटणीत भरती झाल्यावर. माणूस गेलं की घरचे लोक तो बोटभर फोटो रुमालात गुंडाळून आणायचे आणि म्हणायचे, "मास्तर, येवढी मोठी तसबीर करून द्या." मी फोटोवर बारीक चौकटी आखायचो, मोठ्या कागदावर तितक्याच मोठ्या चौकटी आखायचो आणि एका चौकटीतलं नाक, दुसऱ्या चौकटीतला कान असं इकडचं तिकडं नेऊन ठेवायचो. लोकांच्या मागण्याही असत. ज्याला जन्मात घड्याळ मिळालं नाही त्याच्या मनगटावर घड्याळ काढा. ज्याचं धोतर कायम गुडघ्यावर, त्याला कोट घाला. एकाच्या खिशाला तर मी फाउंटन पेन लावून दिलं, आणि तो गडी अंगठेबहाद्दर होता. मला त्यात वावगं वाटत नसे. मेल्यावर तरी एवढं मिळावं माणसाला.

आणखी एक मागणी असे, आणि ती मी काही विचार न करता पुरी करत असे. एखादी म्हातारी विधवा वारलेली असायची आणि तिचा सापडलेला एकुलता एक फोटो नवरा जिवंत असतानाचा असायचा. घरचे सांगायचे, "कुकू तेवढं घालू नका मास्तर. बरं दिसत न्हाई, लोकं नावं ठेवत्यात." मी घालत नसे. चौकटी आखलेल्या होत्याच, त्यातली एक मोकळी सोडायची, की काम झालं.

एका रविवारी दुपारी मी घराच्या पुढच्या सोप्यात बसून असंच एक चित्र करत होतो. आई मागं येऊन उभी राहिली. बाजूला ठेवलेला फोटो तिनं डोळ्यांजवळ नेऊन बघितला, मग कागद बघितला.

"हिच्या कपाळावरलं कुकू कुठं गेलं?"

"विधवा होती ती, आई."

"मरताना हुती. फुटूत न्हाई. फुटूतल्या येळंला हुतंच की कपाळाला. मग तू कोण पुसणारा?"

घरचे सांगतात तसं मी करतो, असं काहीतरी मी बोललो. तिनं फोटो होता तिथं ठेवला. माझी आई भांडत नसे, विषय मनात ठेवून कामाला लागत असे. दोन दिवसांनी मला जेवायला वाढताना ती म्हणाली, "माझं येक चित्र काड."

आईचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला आणायची कुणाची ऐपत नव्हती, आणि पुढं वडील गेल्यावर तिला फोटोला बसवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मी कमवायला लागल्यावर तिला म्हटलं, चल, कोरेगावात स्टुडिओ आहे. तर म्हणाली, घरात चितारी असताना दुसऱ्याच्या दुकानात तोंड दावायला कशाला जाऊ? वडिलांचा फोटो मात्र होता. ते पलटणीत होते, मी सात वर्षांचा असताना तिकडंच तापानं गेले. घरी पत्र आलं, मग त्यांची ट्रंक आली, आणि ट्रंकेत छावणीतल्या स्टुडिओत काढलेला हा फोटो निघाला. त्यात ते वर्दीत आहेत आणि जरा एका बाजूला बघतायत. तिथं कुणीतरी उभं असावं, तसं.

"त्यांच्या शेजारी लाव," आई म्हणाली. "त्यांच्याकडं तोंड करून. आन कुकू घाल. नथ-बिथ काय नगं. कुकू तेवढं."

त्या दोघांचं लग्न दहा वर्षांचं. त्यात वडील वर्षातून दोन महिने रजेवर यायचे, आणि घरात सासू-सासरे, दीर, जावा. दिवसाउजेडी नवऱ्याकडं मान वर करून बघायची सोय नव्हती. "धा वरसात मी त्यांचं तोंड धा येळा बी नीट बघितलं नसंल," असं ती सांगायची, पण तक्रारीच्या सुरात नाही, यंदा ज्वारी कशी आली हे सांगावं तशी. आता भिंतीवर का होईना, समोरासमोर बसावं एवढंच तिला हवं होतं. आणि बसायचं ते बायको म्हणून, विधवा म्हणून नाही.

हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण मला भीती वाटत होती. आमच्या भावकीत वडिलांचे चुलतभाऊ, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. वडिलांमागं आमच्या रानाला त्यांनी पाणी दिलं होतं, माझ्या शिक्षणाला त्यांनी हात लावला होता. त्यांचं आमच्या सोप्यात दिवसाआड बसणं-उठणं. त्यांच्या नजरेसमोर विधवा आईचं कुंकू लावलेलं चित्र टांगायचं म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळावं.

"लोक काय म्हणतील, आई?"

"लोकांचं चित्र काडतुयास का माझं?"

मी चालढकल सुरू केली. कागद चांगला मिळाला की काढतो. परीक्षा झाल्या की काढतो. उन्हाळ्यात काढतो. परगावच्या सगळ्या मेलेल्यांना मी कोट चढवले, घड्याळं बांधली, आणि घरातलं जितं माणूस तसंच राहिलं. लोहाराच्या घरी विळा मोडका, त्यातली गत. आई अधनंमधनं कपाळावरच्या गोंदणाला बोट लावून म्हणायची, "ह्यो हिरवा ठिपका तेवढा ऱ्हायला. पुसता येत न्हाई म्हणून ऱ्हायला, न्हाईतर त्यो बी पुसला असता." अशी तीन वर्षं गेली.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सांगलीला एका नामांकित चित्रकाराचं प्रदर्शन भरलं. मूळचा सांगलीकडच्याच एका खेड्यातला माणूस, लहानपणीच गाव सोडून गेलेला. पुढं मुंबई-दिल्लीत त्याचं नाव झालं, चित्रं परदेशात गेली. आमच्या मास्तरांच्या खोलीत येणाऱ्या एका मासिकात त्याच्याबद्दल छापून आलं होतं. मी रजा टाकली, उंब्रजला गाडी बदलली आणि सांगली गाठली. आपल्या भागातल्या माणसानं एवढं नाव काढलं, तर त्यानं काढलंय तरी काय, हे मला बघायचं होतं.

हॉलमध्ये शिरलो आणि डोकंच फिरलं. तीस-चाळीस चित्रं, आणि एकात माणसाचं तोंड नाही. सगळी माणसं पाठमोरी. भांगलणाऱ्या बायांची रांग, नुसत्या वाकलेल्या पाठी. न्हाव्यापुढं मान घालून बसलेल्या माणसाची मानगूट. रेशन दुकानापुढची रांग, शेवटच्या माणसाच्या मागून बघितलेली. बैलगाडी, तीही हाकणाऱ्याला दिसते तशी, म्हणजे दोन शेपट्या आणि दोन वशिंडं. जिथं माणूसच नव्हतं तिथं त्याचं काहीतरी होतं. उंबऱ्याबाहेर काढलेल्या वहाणा. दोरीवर वाळत घातलेली बंडी, तिच्या पाठीवर घामाचे पांढरे डाग. माझ्या शेजारी दोघे जण उभे होते, त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "ह्याला तोंडं काडाय येत नसतील गड्या." खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. वर रागही आला. आम्ही इकडं नाकाच्या शेंड्यासाठी डोळे फोडून घेतो आणि हा पाठी काढून मोठा झाला.

शेवटच्या भिंतीवर एक चित्र होतं. एसटी निघून गेलेली, धुरळा उडालेला, आणि रस्त्यावर एक बाई उभी, पाठमोरी. एक हात कमरेवर, दुसरा अर्धवट उचललेला, निरोप द्यायचा होता पण गाडी आधीच गेली, असा. मी पुढं निघालो आणि परत फिरलो. कुणाची कोण ती बाई, पण तिच्या खांद्यावरून मला कळलं की गाडीत तिचा मुलगा आहे, आणि तो पलटणीत चाललाय. तोंड काढलं असतं तर मी तोंडच बघत बसलो असतो, नाक नीट जमलंय का म्हणून.

चित्रकार कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा, आखूड पांढरी दाढी, पायांत साध्या कोल्हापुरी वहाणा. मी धीर करून विचारलं, "साहेब, पाठीच का?"

तो म्हणाला, "आमचा बाप कायम पुढं चालायचा. बाजाराला, शेताला, मला शाळेत घालायला. मी मागनं. लवकर वारला तो. त्याचं तोंड मला आठवत नाही, पाठ आठवते. मग तिथून सुरुवात केली, ते अजून तिथंच आहे."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. कुठल्या भरात कोण जाणे, मी त्याला आमच्या गावाचं आमंत्रण देऊन बसलो. तोही "येतो" म्हणाला. मोठी माणसं येतो म्हणतात तेव्हा येणार नाहीत असं समजायचं असतं, म्हणून मी निर्धास्त परतलो. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, अमुक दिवशी सकाळच्या गाडीनं येतो म्हणून.

बातमी सुभेदारांच्या कानावर गेली आणि त्यांनी मोहीम हातात घेतली. चावडीला चुना मारून घेतला. बैलांचा बेंदूर सहा महिने लांब, तरी दोन बैलजोड्या धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून तयार ठेवायला सांगितलं. म्हाताऱ्यांनी फेटे बांधायचे, बायांनी ठेवणीतली लुगडी नेसायची आणि सगळ्यांनी तोंडं समोर ठेवायची. "हा माणूस पाठी काढतो, तात्या," मी दोनदा सांगितलं. सुभेदार म्हणाले, "आजवर त्याला कुणी चांगली तोंडं दावली नसतील."

आईनं माझ्या लग्नात घेतलेलं इरकली लुगडं ट्रंकेतून बाहेर काढलं. घडी उलगडता उलगडता मला म्हणाली, "तू तर न्हाईच काडलंस. आता त्येलाच सांगती मी. मोठा माणूस हाय, त्येला भावकीचं भ्या नसंल."

चित्रकारासोबत सुभेदार असणार, त्यांच्या देखत आई म्हणणार की माझ्या कपाळावर कुंकू घाला. मी तिला गळ घालून बघितली. ती ऐकेना.

चित्रकार ठरल्या दिवशी आला. सुभेदार वर्दीत, छातीवर बिल्ले, ताठ उभे. चित्रकारानं त्यांना नमस्कार केला, चौकशी केली, आणि वही काढून त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. सुभेदारांनी तिथल्या तिथं गिरकी घेतली आणि परत तोंड समोर. चित्रकार पुन्हा मागं गेला, सुभेदार पुन्हा वळले. पलटणीतला माणूस, मागं कुणी उभं राहिलेलं त्याला सोसायचं कसं? असं चार वेळा झालं. पोरं तोंडात बोळा कोंबून हसत होती. शेवटी चित्रकारानं वही मिटली आणि म्हणाला, "सुभेदार, तुम्ही हरवलंत मला." सुभेदारांना ते फार आवडलं. रंगवलेल्या शिंगांच्या बैलांकडं तर त्यानं बघितलंही नाही. चावडीमागं एक गडी उकिरड्यावर शेणाची पाटी ओतत होता, त्याला मात्र त्यानं अर्धा तास काढलं.

असं करता करता दुपार झाली. आई सकाळपासून इरकली नेसून सोप्यात पाटावर बसली होती, असं बायकोनं मला नंतर सांगितलं. तिला पाणी प्यायलाही उठायचं नव्हतं, लुगड्याची घडी मोडेल म्हणून. बारा वाजून गेले, कुणी येईना. मग तिनं आशा सोडली असावी. लुगडं बदललं, रोजचं ठिगळाचं नेसली आणि मागच्या परड्यात जाऊन ज्वारी पाखडायला बसली.

आम्ही घराकडं आलो ते ओढ्याच्या बाजूनं, म्हणजे परड्यातून. पुढं चित्रकार, मागं मी आणि सुभेदार. परड्याच्या तोंडाशी चित्रकार थांबला आणि त्यानं मागं न बघताच हातानं आम्हाला थोपवलं. आई आमच्याकडं पाठ करून बसली होती. सूप वर जायचं, खाली यायचं, भुसा उन्हात उडायचा. चिमण्या तिच्या पायांशी टिपत होत्या. तिला आमची चाहूल नव्हती.

तो पंधरा-वीस मिनिटं काढत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून एकदा कागदाकडं, एकदा आईकडं बघत होतो. डाव्या खांद्यावर ठिगळ होतं. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला होता, तीस वर्षं कळशी एकाच कडेवर घेतल्यामुळं. मोकळं मनगट. मान जराशी वाकडी, कुणीतरी हाक मारेल म्हणून कान दिल्यासारखी. तीस वर्षांत मला यातलं काही दिसलं नव्हतं, आणि मी चितारी म्हणवून घेत होतो. मला तिथंच रडू फुटलं असतं, पण शेजारी सुभेदार होते.

सूप ठेवून ती वळली आणि आम्हाला बघून गडबडीनं उठली. डोक्यावरचा पदर ओढला, ठिगळ झाकलं. "आवं, सांगायचं तरी. मी हिकडं ही असली." चित्रकारानं कागद तिच्यापुढं धरला. तिनं बराच वेळ बघितला.

"तोंड कुठं हाय?"

"त्या अंगाला, मावशी," तो म्हणाला. आमच्याकडची भाषा त्याच्या तोंडात परत आली होती.

सुभेदार हसले. आई हसली नाही. तिनं सुभेदारांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आता ती बोलणार, मला कळलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण जे होतं ते तिनं वाचलं, आणि तिनं एकच शब्द विचारला.

"कपाळ?"

"कपाळ बी त्या अंगालाच हाय. कागदाच्या पल्याड."

"ते तुमास्नी दिसतंय?"

"न्हाई. तिथलं तुमचं तुमास्नी ठावं."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तर मग ह्यो कागद मला द्या."

असे कागद तो कुणाला देत नसे. त्यानं वहीतून पान फाडून तिच्या हातात दिलं, आमच्याकडं भाकरी-पिठलं खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. पुढं कधी त्याची-माझी गाठ पडली नाही.

चित्राला मी साताऱ्यात चौकट करून घेतली, समोर काच, मागं जाड पुठ्ठा. आईनं स्वतः जागा दाखवली. वडिलांचा फोटो ज्या बाजूला बघतो त्या बाजूला, वितीभर अंतरावर. गावातल्या बाया यायच्या आणि उंबऱ्यातूनच म्हणायच्या, ही तर तुमीच की. एकीलाही सांगावं लागलं नाही. सुभेदार म्हणाले, "वैनी, तोंड असतं तर ब्येस झालं असतं." आई म्हणाली, "असू द्या भावजी. पाठ वळखू येतीया न्हवं."

तिनं मला पुन्हा चित्र काढ म्हणून म्हटलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. तसबिरी पुसायचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देईना. दसऱ्याला भिंतींना चुना मारायच्या आधी ती दोन्ही तसबिरी स्वतः उतरवायची आणि स्वतः लावायची. एकदा मी हात पुढं केला तर म्हणाली, "तू नगं. काच फोडशील." शाळेत मी फळ्यावरचा माड बंद केला. पोरांना म्हटलं, आपल्या घरचं माणूस मागून बघा आणि काढा. पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गानं म्हशी काढून आणल्या, पण त्या आमच्याच म्हशी होत्या. आपण बदललो असं मला वाटायला लागलं. तसं काही नव्हतं. त्या वर्षांत दोन-तीन म्हाताऱ्यांची चित्रं माझ्याकडं आली, घरच्यांनी तेच सांगितलं आणि मी ती चौकट मोकळी सोडली.

दशक सरत आलं तेव्हा एका हिवाळ्यात आई गेली. चार दिवस ताप आला, तेवढंच. तेराव्याला सुभेदार सोप्यात बसले होते. ते आता थकले होते. म्हणाले, "वैनीची दुसरी तसबीर न्हाई. ह्यालाच हार घालाय पायजे. काड खाली." मी खुर्चीवर चढलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या चौकटीला हात लावला. खाली घेतली तर माझी बोटं लाल झालेली.

मी ती आतल्या खोलीत नेली आणि उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर, पुढून जिथं तिच्या पदराचा माथा येतो त्याच्या बरोबर मागं, कुंकू होतं. एकदा लावलेलं नव्हतं. थरावर थर होता, खालचे काळपट पडलेले, पापुद्रे सुटलेले, वरचा ताजा लाल. आईनं कागदाच्या पल्याडचं आपलं कपाळ शोधून काढलं होतं आणि ती त्याला कुंकू लावत आली होती.

बायको दारात उभी होती. "संक्रांतीला, नागपंचमीला, दसऱ्याला," ती म्हणाली. "बाया मला हळदीकुंकू लावून गेल्या की आत्याबाई करंडा मागायच्या. मी दार लोटून घ्यायची."

"एवढी वर्षं? मला का सांगितलं नाहीस?"

तिनं चौकट माझ्या हातातून हळूच घेतली आणि पदरानं काच पुसली. "तुमी पुसलं असतं," ती म्हणाली.

आई तीन वर्षं माझ्याकडं एक बोटभर रंग मागत होती, आणि मी तिला उन्हाळा दाखवत राहिलो. तिनं मग तो आपला आपण लावला, भिंतीकडं तोंड करून, पोराला अडचण नको म्हणून.

बाहेरून सुभेदारांनी विचारलं, "काय झालं रं? घावला का हार?"

"आलो, तात्या," मी म्हणालो आणि बायकोकडं करंडा मागितला. तिनं तो फडताळातून काढून दिला. जन्मभर चौकटी आखून लोकांची नाकं-डोळे जागच्या जागी बसवलेला मी. बोट बुडवलं आणि पुठ्ठ्यावर टेकवलं. आईचं मी काढलेलं चित्र ते तेवढंच. तेही नीट मधोमध आलं नाही, जरा डावीकडं गेलं.